निगेटिव्ह कुठं आहे?

सांगलीतल्या एका छायाचित्र स्पर्धेच्या नियमावलीत यंदा एक ओळ घुसली: ‘एडिट केलेले फोटो बाद ठरवले जातील.’ त्या एका ओळीवरून इथल्या फोटोग्राफर मंडळींत जी जुंपली आहे ती थांबायचं नाव घेत नाही. एका बाजूला रोल धुण्यात उमेदीची वर्षं घालवलेले जुने स्टुडिओवाले. त्यांचं म्हणणं, आम्ही फोटो काढायचो, ही पोरं बनवतात. दुसऱ्या बाजूला लॅपटॉपवर शिकलेली पिढी. तिचा उलट सवाल, मग डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुण्या-छापण्याच्या अंधाऱ्या खोलीत, दार लावून तुम्ही काय जप करत बसायचात? तेही एडिटिंगच होतं, तेव्हा आम्हालाही सगळी मोकळीक. दोघंही तावातावानं बोलतात आणि दोघंही मुद्द्याला बगल देतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. डार्करूम कधीच प्रामाणिक नव्हती. तिच्याकडं निगेटिव्ह होती, म्हणजे ज्यावरून फोटो छापायचा ती मूळ फिल्म, एवढाच तिचा मोठेपणा. त्यामुळं एडिटिंगवर बंदी घालण्यात काही अर्थ नाही. मागायची असेल तर मूळ फाइल मागा.

फिल्मच्या काळातला फोटो म्हणजे कॅमेऱ्यानं पाहिलं तेच कागदावर, ही समजूत कोणी करून दिली कोण जाणे. स्टुडिओच्या मागच्या खोलीत एन्लार्जरइतकंच (निगेटिव्हमधून उजेड पाडून कागदावर मोठा फोटो उमटवणारं यंत्र) महत्त्वाचं एक तिरपं मेज असायचं. मधोमध दुधी काच, खालून उजेड. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, पेन्सिल धरावी म्हणून तिच्यावर मीडियम नावाच्या द्रावाचा हलका हात फिरवायचा, आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं सुरकुत्या, मुरमं, देवीचे व्रण भरत बसायचं. निगेटिव्हवर सगळं उलटं. चेहऱ्यावर जिथं काळं, तिथं निगेटिव्ह पारदर्शक. तेवढ्या जागी शिसं चढलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. हात बसायला वर्षं लागायची. ज्याचा बसला त्याच्याकडं लग्नाळू मुलींचे ‘दाखवायचे’ फोटो काढायला आईबाप लांबून यायचे. फोनमधल्या ब्यूटी मोडला नावं ठेवणाऱ्या जुन्या मंडळींनी आपलीच ती गिऱ्हाइकं आठवावीत.

याहून पुढची करामत आपल्यापैकी अनेकांच्या माजघरात टांगलेली आहे. आजी-आजोबांचा जोडीचा फोटो. आजोबांच्या अंगात काळा कोट, आजीच्या खांद्यावर जरीचा पदर. जरा जवळ जाऊन पाहिलं तर दोघांच्या चेहऱ्यांवरचा उजेड वेगवेगळ्या बाजूंनी आलेला दिसतो, आजोबांच्या मानेशी ब्रशची रेघ दिसते, आणि आजीच्या बुबुळातला पांढरा ठिपका नको इतका पांढरा असतो. कारण दोघं मिळून कॅमेऱ्यासमोर कधी बसलेच नव्हते. आजोबांचा चेहरा कुठल्याशा सत्काराच्या ग्रुप फोटोतून उचललेला, आजीचा आणखी कुठून तरी. दोन्हींच्या कॉपी निगेटिव्ह करून एका कागदावर छापलेले, कोट रंगवलेला, वरून फोटो कलरचा हात. ज्या माणसानं जन्मभर बंडी आणि पटका सोडला नाही त्याला मेल्यावर कोट मिळाला! घरच्यांना हे ठाऊक होतं, त्यांनीच पैसे मोजून करून घेतलं होतं. नातवंडांना मात्र ठाऊक नाही. या फरकाशी पुढं आपल्याला काम पडणार आहे.

आणि हे काही गावाकडच्या स्टुडिओंचंच कसब नव्हतं. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो छापायचा तेव्हा आभाळ एका निगेटिव्हचं आणि पाणी दुसरीचं घ्यायचा, कारण त्या काळच्या काचेवर दोन्ही एकदम नीट उमटतच नसत. १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सननं मरणाला टेकलेल्या मुलीचं दृश्य पाच निगेटिव्ह जोडून उभं केलं. डोरोथिआ लँगच्या १९३६ च्या त्या जगप्रसिद्ध स्थलांतरित आईच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात एक अंगठा आला होता. तो नंतर निगेटिव्हवरच बुजवला गेला. युजीन स्मिथनं १९५४ मध्ये आफ्रिकेत दवाखाना चालवणाऱ्या अल्बर्ट श्वाइट्झरच्या फोटोत दुसऱ्या निगेटिव्हमधून करवतीची मूठ आणि एक हात आणून बसवला. स्टालिनच्या शेजारी कालव्याकाठी उभा असलेला त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह तर १९४० मध्ये जिवानिशी गेला आणि मग फोटोतूनही गेला. तो होता तिथं नुसतं पाणी उरलं. फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये. यांच्यापैकी कोणाचं त्यावाचून काही अडलं नाही.

उलट फोटोशॉपचाच जन्म डार्करूमच्या पोटी झाला आहे. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या थॉमस आणि जॉन नोल या भावांच्या वडिलांनी घरात डार्करूम थाटली होती आणि थॉमस तिथंच शिकला. म्हणूनच त्या प्रोग्रॅममध्ये डॉजच्या (उजळ करायच्या) बटणावर काडीला लावलेल्या गोल चकतीचं चित्र आहे आणि बर्नच्या (गडद करायच्या) बटणावर वळवलेल्या हाताचं. एन्लार्जरखाली तारेला चिकटवलेला पुठ्ठा हलवत ज्यानं उजेड अडवला आहे, ओंजळीच्या फटीतून आभाळावर जास्तीचा उजेड सोडला आहे, त्याला ही चित्रं बघताच कळतात. बाकीच्यांना ती चकती लॉलीपॉप वाटते.

बरं, कोणीही हात लावला नाही असं धरलं तरी फिल्म स्वतः तटस्थ होती का? जुन्या काचेच्या प्लेटांना फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला हिरवा कळू लागला, पण तांबडा तिलाही दिसायचा नाही. परिणाम असा की कपाळावरचं लालभडक कुंकू फोटोत काळं यायचं, सावळा माणूस आणखी काळवंडायचा आणि आभाळ कोरं पांढरं राहायचं. पुढं सगळे रंग ओळखणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद आला, आणि कागदातही सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड असे ग्रेड. एकाच निगेटिव्हची सॉफ्टवरची आणि हार्डवरची प्रिंट शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या दिवसांचे फोटो वाटतील. त्यातला खरा कोणता? रंगीत रोलच्या जमान्यात तर निवडही आपल्या हातात उरली नाही. लॅबमध्ये मशीनवर बसलेला मुलगा फ्रेम बघून सायन, मॅजेंटा, यलो आणि डेन्सिटीची बटणं दाबायचा आणि ठरवायचा की नवरीचा शालू किती लाल आणि नवरदेव किती उजळ. आपण पाकीट उघडून म्हणायचो, किती नॅचरल आलेत फोटो!

डिजिटलमध्ये तर ‘एडिट न केलेला फोटो’ ही चीज औषधालाही सापडायची नाही. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची नोंद होते. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेब करून भरले जातात. मग व्हाइट बॅलन्स, काँट्रास्ट, शार्पनिंग, नॉइज घालवणं आणि शेवटी दाबून लहान केलेली फाइल, म्हणजे जेपेग. कॅमेऱ्यातून थेट निघालेली जेपेग म्हणजे कंपनीच्या इंजिनिअरनं तुम्हाला न विचारता केलेलं एडिटिंग. फोन त्याच्याही पुढं. एकदा बटण दाबलं की तो अनेक फ्रेम घेतो आणि त्या एकमेकींत मिसळून एक फोटो हातात ठेवतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनवरून गाजलेला वाद तर चंद्राचा होता. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्रातही फोननं बारकावे भरून दाखवले, कारण चंद्र कसा असतो हे त्याला पढवून ठेवलेलं होतं. आता स्पर्धेचा नियम लावून बघा. पहाटे हरिपूरच्या संगमावर जाऊन रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद तशीच ठेवून, फोटो काढणारा आणि घरी येऊन सावल्या जरा उघडणारा माणूस बाद. फोननं आयता भरून दिलेला चंद्र पाठवणारा पात्र. हेच हवं होतं का?

इथवर वाचून मी तरुणांची वकिली करतोय असं वाटेल. तसं नाही. जुन्या मंडळींच्या बोलण्यात एक मुद्दा आहे आणि तो लेचापेचा नाही. डार्करूममध्ये खोटं करायला हातात कसब लागायचं, रात्रीच्या रात्री लागायच्या, कागद फुकट घालवायची ऐपत लागायची. येझोव्हला पुसायला एअरब्रश चालवणारा तरबेज माणूस लागला आणि त्याला पोसणारी अख्खी राजवट लागली. आज तेच काम स्टँडवर उभा असलेला पोरगा मिरजेची एस.टी. लागेपर्यंत उरकतो. एखादी गोष्ट शंभर जण करू शकतात आणि शंभर कोटी करू शकतात, यातला फरक नुसता आकड्याचा राहत नाही. जुन्यांचा दुसरा मुद्दा असा की बारा फ्रेमच्या रोलमध्ये माणूस बटण दाबण्याआधी विचार करायचा. खरं आहे, पण मी त्याला फार किंमत देत नाही. काटकसर म्हणजे सचोटी नव्हे, आणि बाराच्या बारा फ्रेम वाया घालवणारेही भरपूर होते. पहिला मुद्दा मात्र बोचतो. अवघडपणा हा एक अडसर होता आणि तो निघाला. पण नियमावलीत ‘एडिटिंग बंद’ असं लिहिल्यानं तो जागेवर बसणार आहे का? जो खोटं करणार तो खोटं बोलणारही. बाद होईल तो ज्यानं खरं सांगितलं तोच.

तरुणांचा युक्तिवाद ऐकायला झकास आहे. सगळंच एडिटिंग, म्हणून सगळंच चालतं. पण प्रत्येकाची आठवण थोडीफार दगा देतेच म्हणून कोर्टात खोटी साक्ष माफ होते का? अमेरिकेचे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे डार्करूममधले उस्ताद. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय त्यांनी टिपला आणि पुढं कित्येक वर्षं तीच निगेटिव्ह पुन्हा पुन्हा छापताना आभाळ अधिकाधिक काळं करत नेलं. मूळचे ते पियानो वाजवणारे. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली संगीतरचना आणि प्रिंट म्हणजे तिचं सादरीकरण, असं त्यांचं म्हणणं. मिरजेच्या दर्ग्यात उरुसातल्या संगीत सभेला रात्र जागवणाऱ्यांना हे फोड करून सांगायला नको. बंदिश तीच, मांडणी ज्याची त्याची. पण म्हणून गवई अंतरा दुसऱ्याच रागातला आणून जोडत नाही. अ‍ॅडम्सही काही धुतल्या तांदळाचे नव्हते म्हणा. १९४४ च्या एका फोटोत शाळेच्या पोरांनी डोंगरावर काढलेली ‘एल.पी.’ ही अक्षरं त्यांनी निगेटिव्हवर बुजवून टाकली होती. मात्र ती तिथं होती हे आज आपल्याला कळतं, याचा अर्थ माग राहिला.

बातमीच्या धंद्यात ही रेघ कधीच ओढून झाली आहे. २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं नार्सिसो कॉन्ट्रेरास या फोटोग्राफरशी संबंध तोडले. हा पुलित्झर मिळवलेल्या चमूतला माणूस. त्याचा अपराध काय, तर सीरियातल्या एका लढवय्याच्या फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्यानं पुसला. कॅमेरा राहिला असता तरी फोटोचा अर्थ तसूभर बदलला नसता. तरीही संस्थेनं केलं ते बरोबरच केलं. उलट उदाहरण अमेरिकी फोटोग्राफर स्टीव्ह मॅक्करीचं. २०१६ मध्ये त्याच्या क्यूबातल्या एका फोटोत एडिटिंगची ढोबळ चूक सापडली, मग जुन्या फोटोंतून गायब झालेली माणसंही लोकांनी शोधून काढली, आणि तेव्हा त्यानं आपण बातमीदार नसून दृश्यांतून गोष्ट सांगणारे आहोत असा पवित्रा घेतला. गंमत म्हणजे कोडॅक्रोम या गाजलेल्या रंगीत फिल्मचा शेवटचा रोल कोडॅकनं याच माणसाच्या हाती दिला होता. २०१० मध्ये कॅन्ससमधल्या लॅबमध्ये तो धुतला गेला; त्यातल्या काही फ्रेम भारतात काढलेल्या आहेत. फिल्म हाताळली की हाताला पुण्य चिकटतं, असं मानणाऱ्यांनी याचं काय करायचं?

प्रश्न हत्याराचा नाहीच. फोटो बघणाऱ्याला काय शब्द देतो, हा आहे. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘भाऊ’ साहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात, मागं सिंह, वर ढग. सांगलीत शेंबडं पोरही त्याला फसत नाही. लग्नाच्या करिझ्मा अल्बममध्ये (फोटो संगणकावर मिसळून छापलेल्या) जोडपं आयफेल टॉवरसमोर दिसतं म्हणून कोणी पासपोर्ट मागत नाही. ज्या गावात १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ उभा केला, तिथं सोंगाला खोटारडेपणा म्हणायची रीत नाही. (नवरीला न विचारता दोन शेड गोरी करणं हा मात्र सोंगात न बसणारा आगाऊपणा आहे, आणि मिक्सिंगवाल्यांनी तो सोडावा.) पण फोटो पंचनाम्याला जोडला, वर्तमानपत्रात छापला, कासच्या पठारावरची फुलं म्हणून स्पर्धेच्या निसर्ग विभागात पाठवला, की तो ‘हे असं होतं’ असा शब्द देतो. आजोबांचा कोट घरच्यांसाठी सोंग होता आणि नातवंडांसाठी पुरावा झाला. मधल्या काळात फोटो बदलला नाही, तो कसा झाला हे सांगणारं माणूस गेलं.

आणि शब्द मोडायला एडिटिंग लागतंच असंही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी मारुती चौकात आणि हरभट रोडवर चढलं, तेव्हा फोनवरही फोटोंचा लोंढा आला होता. २००५ च्या पुराचे फोटो आजचे म्हणून, कुठल्या तरी परमुलखातले वाहून जाणारे पूल आपल्याकडचे म्हणून. फोटो जसेच्या तसे होते, खोटी होती ती खालची ओळ. त्या फोटोंमुळं नात्यातल्यांच्या जिवाला घोर लागला, आणि स्पर्धेच्या नियमानं पाहिलं तर ते सगळे पात्र.

मग धरायचं काय? या मुलखाला त्याचं उत्तर फोटोग्राफीबाहेर केव्हाच सापडलेलं आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो वाईला सापडलेल्या कागदांच्या आधारानं. तोवर इतिहास म्हणून बखरी वाचल्या जात. बखरीत रंग भरलेला असतो हे सगळ्यांनाच दिसत होतं. राजवाड्यांनी बखरकारांना लेखणी बंद करा असं सांगितलं नाही, मूळ पत्र दाखवा म्हटलं. बनावट सनदा तेव्हाही होत्या, वतनाच्या भांडणात पैशाला पासरी. त्या पकडायला कागद, शाई, शिक्का, अक्षराचं वळण, तारीख-वार ताडून बघायची शिस्त लागली. कारकुनानं सुवाच्य लिहिलं म्हणून कोणी कागद बाद केला नाही.

स्टुडिओतली निगेटिव्ह हे असंच मूळ पत्र होती. प्रिंट वाटेल तशी छापा, ती पाकिटात नंबर घालून कपाटात असायची आणि कोणालाही मागता यायची. लँगचा अंगठा, स्मिथची करवत, येझोव्ह, हे सगळं आपल्याला कळलं ते मूळ निगेटिव्ह किंवा आधीच्या प्रिंट कुठं तरी उरल्या म्हणून. डिजिटलमध्ये तिची जागा रॉ फाइल घेते. फोटोशॉप किंवा लाइटरूममध्ये रॉवर काहीही करा, मूळ नोंद बदलत नाही. केलेले फेरफार वेगळे लिहिले जातात. फोनवाल्यानं फोनमधून निघालेली पहिली फाइल द्यावी, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नव्हे. कायद्यानंही हीच वाट धरली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या माहितीवरून काढलेला आकड्या-अक्षरांचा ठसा. फोटोतला एक ठिपका बदलला तरी तो पार बदलतो. इतकी काटेकोर खूण सेल्युलॉइडच्या निगेटिव्हलाही कधी नव्हती.

खोटी रॉ फाइल करता येत नाही, असं मी म्हणणार नाही. रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं २०१५ मध्ये बाहेरच्या फोटोग्राफरांना उलटंच बजावलं होतं: रॉवरून तयार केलेले फोटो नकोत, कॅमेऱ्यातली जेपेगच द्या. घाईच्या बातमीला ते सोयीचं असेल. पण त्याच वर्षी वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या आधीच्या फेरीत पोहोचलेल्यांच्या मूळ फाइल मागवून ताडल्या गेल्या आणि सुमारे २० टक्के बाद झाले. यंत्रानं शून्यातून काढलेल्या चित्रांचा प्रश्नही इथंच सुटायला लागतो. ते कितीही हुबेहूब असो, मूळ फाइल विचारली की त्याची वाचा बसते. जगभरातून हजारो फोटो येणाऱ्या स्पर्धेला जे जमलं ते सांगलीतल्या बक्षिसाच्या यादीला जमणार नाही? यादीत आलेल्यांना फोन करायचा, मूळ फाइल घेऊन बोलवायचं, शेजारी लावून बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. ही मूळ फाइल कोणी ठेवतच नाही. जुना स्टुडिओवाला पाकिटावरचा नंबर सांगितला की वीस वर्षांपूर्वीची निगेटिव्ह काढून द्यायचा. आज लग्नाच्या बिलाखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं की काही महिन्यांनी डेटा मिळणार नाही. ड्रोनच्या पैशांवर तासभर घासाघीस करणारे वधूपिते ती ओळ वाचतही नाहीत. पुरात निगेटिव्ह भिजल्या की त्यांचं जिलेटिन फुगतं आणि पाकिटंच्या पाकिटं एकमेकांना चिकटून जातात, एकीलाही सोडवता येत नाही. ते नशीब फाइलींना भोगायची गरज नाही, कारण त्यांची नक्कल मूळाइतकीच अस्सल असते. तेव्हा ठरवतानाच रॉ फाइलींसकट हार्ड डिस्क मागून घ्या. दोन प्रती करा, दोन वेगळ्या घरांत ठेवा, आणि त्यातलं एक घर तरी नदीपासून लांब, विश्रामबागेच्या बाजूला असू द्या.